तंजावरचा पुरुषदेह : दर्शन आणि प्रदर्शन

तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात चोलकालीन कांस्यमूर्तींसमोर उभे राहिले की मराठी रसिकाच्या मनात एक निष्कर्ष सहज आकार घेतो. तिरुवेंकाडू येथे सापडलेला वृषवाहन शिव (इ. स. १०११) आखूड कटिवस्त्र आणि मोजके अलंकार ल्यालेला आहे. नंदी आज नाहीसा झाला असला, तरी त्यावर टेकलेला हात आणि सैल उभे राहिलेले शरीर पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. त्याच गावचा भिक्षाटन शिव तर दिगंबर. याच राजवाड्यात दुसऱ्या सरफोजी महाराजांचा (कारकीर्द १७९८–१८३२) संगमरवरी पुतळा आहे. तो फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराच्या हातचा मानला जातो. येथे लक्ष वेधतात ते त्रिकोणी शिरोभूषण आणि जोडलेले हात. तेव्हा प्राचीन काळी पुरुषदेह मोकळा होता आणि पुढे संकोचाने तो झाकला, असे आपण म्हणू लागतो. हे विधान आकर्षक आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे.

पहिली गोष्ट अशी की या मूर्ती उत्सवमूर्ती होत. मिरवणुकीत त्या निघत तेव्हा रेशमी वस्त्रांनी, दागिन्यांनी आणि फुलांनी त्यांचे अंग झाकलेले असे. धातूचा तो डौल शिल्पी जाणत असे आणि अभिषेकसमयी तो प्रकट होत असे. एरवी भक्ताच्या दृष्टीस पडे तो सजविलेला देव. आज आपण ज्या अनावृततेचे कौतुक करतो, ती सदासर्वकाळ सर्वांसमोर ठेवली ती १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कलादालनाने.

तिरुवारूरच्या त्यागराजाचे उदाहरण याहून बोलके आहे. या देवाचा देह वस्त्रांत आणि पुष्पांत बुडालेला असतो. एरवी दिसते ते मुख. पायांचे दर्शन वर्षातील ठराविक उत्सवांनाच घडते. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजांनी याच देवाच्या पालखीसेवेवर तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचले. देह झाकलेला असणे हे काव्याच्या आड आले नाही.

राजदेहाचा न्याय निराळा नव्हता. विजयनगरच्या दरबारात उंच टोपी आणि लांब अंगरखा हा प्रतिष्ठेचा वेष ठरला होता. तथापि तिरुमलै येथील कृष्णदेवरायाच्या धातुप्रतिमेत टोपी तशीच आहे, छाती मात्र उघडी आहे आणि हात जोडलेले आहेत. दरबारात झाकणे हा मान, देवापुढे उघडे होणे ही नम्रता. एकाच पुरुषाचे हे दोन आचार एकाच काळात नांदत होते. तंजावरचे नायक राज्य याच विजयनगरच्या छत्राखाली उदयास आले आणि पुढे भोसल्यांनी त्याच राजवाड्यात आपली गादी मांडली.

साहित्याची साक्ष येथे महत्त्वाची आहे. तमिळ कुरवंजी नाटकात नायिका मिरवणुकीतील नायकाला पाहते आणि झुरू लागते. मग भविष्य सांगणारी कुरवंजी तिला धीर देते. शिवक्कोळुंदु देशिकरांच्या ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’त तो नायक खुद्द सरफोजी आहे. म्हणजे पुरुषसौंदर्य न्याहाळण्याचा अधिकार येथे स्त्रीच्या वाणीला दिलेला आहे. वस्त्रालंकृत राजाही या दृष्टीचा विषय होऊ शकतो. सरफोजींच्याच नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त मात्र ही कुरवंजी पृथ्वीचा भूगोल सांगू लागते. नाट्यप्रकार जुनाच राहिला; दृष्टी राजाच्या देहावरून जगाच्या नकाशाकडे वळली.

विसाव्या शतकात या भूमीने आणखी एक अर्थ पाहिला. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरै येथे गांधीजींनी केवळ पंचा नेसण्यास आरंभ केला. राजा देवापुढे उघडा होई. हा पुरुष दरिद्री जनतेसाठी, आणि तिच्याच समोर, उघडा झाला.

तेव्हा पुरुषदेह किती झाकला होता, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तो कोणापुढे, कोणत्या स्थळी आणि कोणत्या नात्याने प्रकट होत होता, हे विचारले पाहिजे. दर्शनात पाहणारा स्वतःही बांधलेला असतो: व्रताने, उत्सवाने, प्रीतीने. प्रदर्शनात तो तिकीट काढून येतो आणि मोकळा असतो. या मोकळेपणाने आपल्याला शिल्पाचा देह दिला, याबद्दल कृतज्ञ असावे. मात्र आपली ही नवी दृष्टी चोलांच्या नावावर खपवू नये.