लांब दांड्याला मधला आधार

आमच्या केंद्रातील आदिवासी तरुण आता लाकडी लेथवर पाळण्याचे दांडे कातू लागले आहेत. दांडा अडीच फूट लांब, जाडी जेमतेम एक इंच. दोन्ही टोके पक्की धरली तरी हत्यार लागताच मधला भाग मागे सरतो, थरथरतो आणि लाकडावर वळ्या उमटतात. मग कातणारा डावा हात मागून टेकवतो. प्रभूच्या कृपेने अजून कोणाला इजा झालेली नाही. पण बोटे जाण्याची वाट का पाहायची?

म्हणून जाड प्लायवूडची चौकट केली. मध्ये मोठे गोल भोक, त्याभोवती समान अंतरावर स्केटची तीन रबरी चाके. ती खाचेत मागेपुढे सरकवून बोल्टने आवळता येतात. चौकट लेथच्या पाट्यावर घट्ट बसवायची. आधी दांड्याचा मध्य गोल कातून घ्यावा, मगच चाके टेकवावीत, तीही हलकीच. जास्त दाबली तर दांडाच वाकतो. आधारामुळे मोकळी लांबी निम्मी होते आणि दांडा निदान आठपट ताठ राहतो! चाकांखालचा भाग शेवटी चौकट सरकवून कातायचा.

आपल्या मंडळीत कोणाकडे जुनी स्केट्स पडून असतील तर जरूर पाठवावीत. एका जोडीत दोन चौकटी होतात.