गुलाबी गाठीचं देणं

पेरून महिना-दीड महिना झालेलं सोयाबीनचं एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद उकरून काढा. उपटू नका, उपटलं तर पाहायची गोष्ट जमिनीतच राहते. मुळं बादलीभर पाण्यात धुवा. त्यांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसतील. त्यांतली एक नखाने फोडा. आतला रंग गुलाबी असेल, थेट रक्ताकडे झुकणारा!

हा नजरेचा भास नाही. आपलं रक्त लाल करणाऱ्या हिमोग्लोबिनचा नातलग, लेगहिमोग्लोबिन, त्या गाठीत खरोखरच असतो. वनस्पतीच्या मुळात तो काय करतो, हे समजून घ्यायला आधी वर आकाशाकडे पाहावं लागेल.

हवेत 78 टक्के नत्र आहे. एका एकरावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभात ते 30 हजार टनांहून जास्त भरतं. तरीही त्याच एकरातलं पीक नत्रावाचून पिवळं पडतं. कारण हवेतल्या नत्राचे दोन-दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात आणि पिकाला ती मिठी सोडवता येत नाही. माणसाने ती सोडवली, पण केवढा खटाटोप करून! फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत ते करून दाखवलं आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे कारखाना सुरू झाला. त्यासाठी 400 ते 500 अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब लागतो. युरियाची गोणी आजही याच वाटेने येते.

मुळावरच्या गाठीतला रायझोबियम जिवाणू हेच काम शेतातल्या मातीच्या साध्या उबेत करतो. त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचं विकर आहे. पण या विकराला ऑक्सिजन लागला, की ते निकामी होतं. आणि ऑक्सिजनवाचून जिवाणूला श्वास घेता येत नाही. हा पेच तो गुलाबी पदार्थ सोडवतो. मोकळा ऑक्सिजन तो धरून ठेवतो आणि जिवाणूला बेताबेताने पुरवतो.

रोपाची आणि जिवाणूची गाठ पडते तीही ऐकण्यासारखी. रोप मुळातून काही द्रव्यं सोडतं, जिवाणू ती ओळखतो आणि उलट आपला रासायनिक निरोप धाडतो. मग मुळावरचा केसासारखा मूलरोम वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि गाठ धरू लागते. रोप साखर देतं, जिवाणू नत्र देतो. शेतात युरिया भरपूर पडला, तर मात्र रोप गाठी धरायचं आवरतं घेतं.

हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1880 च्या दशकात या गाठींचं काम सिद्ध केलं. कडधान्यानंतरचं पीक जोमदार येतं, हा परिणाम आपल्या शेतकऱ्याने कारण माहीत नसतानाही हेरला होता आणि त्याला नावही दिलं होतं: बेवड. 'हरभऱ्याचा बेवड चांगला' या तीन शब्दांत पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे.

हे देणं घ्यायला खर्च थोडाच. कडधान्याच्या 10 किलो बियाण्याला रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून ते बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा. पाकीट पिकाप्रमाणेच घ्यावं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी.

दुसरी वाट तागाची, कारण त्याच्याही मुळांवर अशाच गाठी धरतात. एकरी 20 ते 25 किलो बी पेरून 45 ते 50 दिवसांनी, फुलकळी दिसू लागताच, ओल असताना तो गाडायचा. उशीर केला तर खोडात दोरासाठीचा वाख तयार होतो आणि ताग लवकर कुजत नाही. चांगल्या वाढलेल्या तागातून एकरी 25 ते 35 किलो नत्र जमिनीत जातं, म्हणजे युरियाच्या जवळपास दीड गोणीतलं. ते पुढच्या पिकाला सगळं एकदम मिळत नाही, कुजेल तसं मिळतं. पण सोबत जमिनीला सेंद्रिय कर्बही मिळतो, जो युरियात नसतो. पाणथळ, चोपण जमिनीत तागाऐवजी धैंचा घ्यावा. बांधावर गिरिपुष्प लावलं, तर त्याचा पाला वर्षानुवर्षं छाटून शेतात घालता येतो.

गाठी सगळंच देत नाहीत. स्फुरद आणि पालाश हवेतून मिळत नाहीत; त्यासाठी शेणखत, कंपोस्ट हवंच. आणि कडधान्याचा दाणा घरी आणला, की बरंचसं नत्र दाण्याबरोबर शेताबाहेर जातं. म्हणून निदान पाला, मुळं आणि भुसकट तरी रानात राहू द्यावं, पेटवू नये.

यंदा पीक ऐन वाढीत असताना एक गाठ फोडून पाहाच. गुलाबी दिसली तर कारखाना चालू आहे. आतून पांढुरकी किंवा हिरवी दिसली, तर ती नत्र बांधत नाही. पुढच्या पेरणीला बियाण्यावर जिवाणू चोळायला विसरू नका.