चिदंबरक्षेत्रीं पाहिलेलीं कांहीं इतिहाससाधनें

दक्षिणेंतील तीर्थयात्रांचीं वर्णनें मराठींत थोडीं नाहींत. परंतु त्यांतील बहुतेक यात्रेकरूच्या दृष्टीनें लिहिलेलीं असल्यामुळें दर्शन, दक्षिणा व धर्मशाळा यांपलीकडील मजकूर त्यांत क्वचित् सांपडतो. गेल्या मार्गशीर्षांत आर्द्रादर्शनाच्या उत्सवानिमित्त चिदंबर येथें पांच दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. त्या मुक्कामांत जीं साधनें दृष्टीस पडलीं व ज्या परंपरा कानीं आल्या, त्यांपैकीं पोथीसंग्राहकांस व इतिहासाच्या अभ्यासकांस उपयोगी पडतील तेवढ्याच येथें नमूद करतों.

चिदंबर हें तमिळनाडूंतील कडलूर जिल्ह्यांतील गांव. चेन्नईहून विळुप्पुरममार्गें तंजावराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तें लागतें. गांवाचें जुनें नांव तिल्लै. तिल्लै म्हणजे खाडीकांठीं उगवणारें एक चिकाळ झाड. पूर्वेस पिच्चावरम येथें त्याचें रान अद्यापि पाहावयास मिळतें. पंचमहाभूतांच्या पांच लिंगांपैकीं आकाशलिंगाचें हें स्थान. म्हणून चित्सभेंत नटराजाच्या बाजूस एक पडदा असून तो दूर केला असतां सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा तेवढ्या लोंबतांना दिसतात; त्यामागें रितें आकाश. यासच ‘चिदंबररहस्य’ म्हणतात. आपल्याकडे कोणी गोष्ट उगाच गूढ करून सांगूं लागला म्हणजे त्याच्या मागें कांहीं नाहीं असा संशय येतो. येथें कांहीं नाहीं हेंच दाखविण्यासाठीं पडदा आहे.

मंदिराचें आवार सुमारें चाळीस एकरांचें असून चार दिशांस चार गोपुरें आहेत. त्यांपैकीं उत्तर गोपुर कृष्णदेवरायानें इ. स. १५१६ च्या सिंहाचल येथील विजयानंतर बांधविल्याचें तेथील लेखावरून कळतें. आंत चित्सभा, कनकसभा, नृत्तसभा, देवसभा व राजसभा अशा पांच सभा असून राजसभा म्हणजेच सहस्रस्तंभमंडप. चित्सभेच्या छपरावर २१,६०० सुवर्णपत्रे असून ती मनुष्याच्या एका अहोरात्रांतील श्वासांची संख्या होय, असें पुजारी सांगतात. आम्हीं अर्थात् ते मोजले नाहींत. त्याच आवारांत शेषशायी गोविंदराजाचें मंदिर असून एका विशिष्ट जागीं उभें राहिलें असतां शिव व विष्णु या दोघांचेंही दर्शन होतें.

पूजेचा अधिकार दीक्षित नांवाच्या एकाच समाजाकडे वंशपरंपरेनें चालत आला आहे. आपण मूळचे तीन हजार, त्यांतील एक प्रत्यक्ष नटराज, अशी त्यांची परंपरा. डोक्यावरील शेंडी ते पुढें एका बाजूस बांधतात, आणि विवाह झाल्यावांचून दीक्षितास पूजेचा हक्क प्राप्त होत नाहीं. मंदिराची व्यवस्था कोणी पाहावी याविषयीं पुष्कळ वर्षें वाद चालून ६ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दीक्षितांच्या बाजूनें निर्णय दिला. त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं.

संशोधकानें प्रथम पाहावयाचें तें पूर्व गोपुराच्या वाटेंतील शिल्प. प्रवेशमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या भित्तिस्तंभांवर, एकावर एक अशा चौकटींत, नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायांतील १०८ करणें कोरलेलीं आहेत. करणें इतर गोपुरांतही आहेत, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरांत तर याहून जुनीं आहेत. परंतु तंजावरास ८१ पुरीं झालीं व उरलेले दगड कोरेच राहिले, शिवाय त्यांवर अक्षर नाहीं. चिदंबरास पूर्व गोपुरांत करणाबरोबर त्याचा लक्षणश्लोक ग्रंथ लिपींत कोरला आहे. मद्रासच्या पुराभिलेख खात्यानें १९१४ च्या सुमारास यांतील ९३ करणें श्लोकांसह प्रसिद्ध केलीं, आणि १९२६ मध्यें रामकृष्ण कवि यांनीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत अभिनवगुप्ताच्या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड काढला त्यांतही या शिल्पांचीं चित्रें घेतलीं. तेव्हां शोध नवा नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं छापील चित्र पाहणें निराळें व त्या वाटेंत उभें राहून श्लोक व शिल्प एकत्र वाचणें निराळें.

ग्रंथ लिपि आम्हांस बेताचीच येते. वर्णमालेचा कागद हातांत व विजेची बत्ती दुसऱ्या हातांत घेऊन दोन सकाळींत आम्ही अकरा श्लोक वाचूं शकलों. यात्रेकरूंचा लोंढा सारखा चाललेला, आणि एक वृद्ध मनुष्य भिंतीशीं नाक लावून काय पाहत आहे याचें त्यांस नवल. पहिलें करण तलपुष्पपुट. लक्षणांत डाव्या बाजूस पुष्पपुट हस्त, पाय अग्रतलसंचर व पार्श्व संनत, इतकें सांगितलें आहे. आम्हीं हें लक्षण विद्यार्थिदशेपासून वाचीत आलों. अर्थ लावीत होतों, समजत मात्र नव्हतों. चौकटींतील नर्तकीनें ओंजळ डावीकडे नेऊन कंबर किंचित् वांकविली आहे, ती पाहतांच तीनही पदें एकदम उलगडलीं. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकांतील लेखकाच्या हातच्या पोथीपेक्षां तेराव्या शतकाच्या आसपासचा हा दगड पाठनिर्णयास किती मोलाचा, हें सांगावयास नको. दगडासही मात्र दोष आहेतच. कांहीं ठिकाणीं अक्षरें झिजलीं आहेत, आणि कोरणारा संस्कृतज्ञ असेलच असें नाहीं. म्हणून शिलालेखाचा पाठ तो शुद्ध पाठ, ही समजूत टाकून दिली पाहिजे.

या क्षेत्राशीं पोथ्यांचा संबंध मोठा जुना व चमत्कारिक आहे. अप्पर, संबंधर व सुंदरर या तीन शैव संतांचीं पदें, ज्यांस तेवारम म्हणतात, तीं लुप्त झालीं होतीं. त्यांच्या ताडपत्री पोथ्या चिदंबरच्या मंदिरांत एका बंद खोलींत आहेत असें नंबि आंडार नंबि याच्याकडून चोलराजास कळलें. राजा म्हणजे पहिला राजराज (इ. स. ९८५ ते १०१४), असें सामान्यतः मानतात. खोली उघडण्यास पुजारी तयार होईनात. ज्यांचीं पदें ते तिघे येतील तेव्हांच दार उघडेल, असें त्यांनीं उत्तर दिलें. राजानें तिघां संतांच्या मूर्ति मिरवीत आणून दारापुढें उभ्या केल्या. दार उघडलें तों आंत पोथ्यांवर वारूळ चढलेलें. तेल ओतून माती बाजूस केली, तेव्हां सुमारें आठशे पदिगें हातीं लागलीं; बाकीचीं वाळवीनें खाल्लीं होतीं. या काळास जेवढीं हवीं तेवढीं राखलीं आहेत अशी वाणी त्या वेळीं झाली, असें परंपरा सांगते. ही कथा उमापति शिवाचार्याच्या नांवावर असलेल्या एका तमिळ पुराणांत आहे.

कथा जशीच्या तशी घेतां येत नाहीं. मंदिरांत तिरुप्पदियम गाणाऱ्यांस नेमणूक दिल्याचा उल्लेख तिरुवल्लम येथील पल्लव नंदिवर्म्याच्या नवव्या शतकांतील लेखांत आहे, म्हणजे पदें लोकांच्या मुखीं होतीं, सर्वथा लुप्त नव्हतीं. उलट राजराजानें तंजावरच्या मंदिरांत हींच पदें गाण्यासाठीं ४८ गायक व दोन वादक नेमल्याचा लेख आहे. तेव्हां त्याच्या काळीं पदांचा संग्रह व व्यवस्था यांकडे विशेष लक्ष पुरविलें गेलें, इतकें कथेंतून खुशाल घ्यावें. बंद खोली, राखणारे पहारेकरी व आंत निवांत चरणारी वाळवी हा भाग मात्र आम्हांस मुळींच काल्पनिक वाटत नाहीं. त्याचें कारण आमच्याच घरचें आहे.

आमच्या गुरुजींनीं आम्हांस महाभाष्याच्या नवाह्निकाची एक हस्तलिखित प्रत दिली होती. कांहीं वर्षांनीं एका तरुण अभ्यासकानें ती प्रतिलिपीसाठीं पंधरा दिवस मागितली. पोथी घराबाहेर गेली कीं परत येत नाहीं, असें सांगून आम्हीं त्यास वाटेस लावलें, आणि बासनांत बांधून ती कपाटांत घातली. पुढें बावीस वर्षें कपाटाची किल्ली आमच्याजवळ सुरक्षित राहिली. सोडून पाहिली तेव्हां पहिल्या तीन आह्निकांची कसरीनें चाळण केली होती. त्या अभ्यासकास आम्हीं तसें पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं, तें योग्यच झालें.

योगायोग असा कीं महाभाष्याचीही अशीच कथा चिदंबराशीं जोडलेली आहे. नटराजाचें नृत्य ज्यांनीं पाहिलें ते दोन ऋषि व्याघ्रपाद व पतंजलि. हा पतंजलि शेषाचा अवतार असून भाष्यकारही तोच, अशी दक्षिणेकडील समजूत. पडद्याआड बसून सहस्र मुखांनीं तो एका वेळीं सहस्र शिष्यांस भाष्य शिकवीत असे. कोणी पडदा उचलला आणि सर्व शिष्य भस्म झाले. बाहेर गेलेला एक तेवढा वांचला. त्याच्यापासून पुढें ज्यानें तें ग्रहण केलें त्यानें तें वडाच्या पानांवर लिहून घेतलें, त्यांतील कांहीं पानें बकऱ्यानें खाल्लीं, आणि म्हणून भाष्यांत मधूनच विच्छेद आहेत! पतंजलीच्या चरित्रावर काव्य रचणारा रामभद्र दीक्षित हा तंजावरच्या शहाजी राजाच्या आश्रयाचा, हें मराठी वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. व्याकरणकार पतंजलि ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतला. चिदंबराशीं त्याचा संबंध जोडण्यास ऐतिहासिक आधार नाहीं. परंतु ग्रंथ कसे नष्ट होतात याविषयीं या कथाकारांचें निरीक्षण पक्कें होतें.

आतां मराठ्यांच्या इतिहासाशीं प्रत्यक्ष संबंध असलेल्या गोष्टीकडे वळूं. इतर देवालयांत मूलमूर्ति दगडाची व अचल असते, उत्सवास धातूची दुसरी मूर्ति काढतात. चिदंबरास गाभाऱ्यांतील नटराज स्वतःच धातूचा असून वर्षांतून दोनदां, आनि महिन्यांत व मार्गळींत, तो स्वतः रथांत बसून बाहेर येतो. आम्हीं तो रथ पाहिला. दुसऱ्या पहाटे राजसभेंत अभिषेक झाला तेव्हां मूर्तीच्या आकाराची नीट कल्पना आली. जी मूर्ति रथावर चढते ती संकटकाळीं पालखींतून दूरही नेतां येते, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील हकीकत नीट उमगत नाहीं.

संभाजी महाराजांच्या कारकीर्दीचा उल्लेख असलेले तीन ताम्रपट प्रसिद्ध झाले आहेत. त्यांवरून कळतें कीं नटराजाची मूर्ति २४ डिसेंबर १६४८ रोजीं चिदंबराहून हलविली गेली; ती प्रथम कुडुमियानमलै येथें व नंतर मदुरै येथें राहिली, आणि १४ नोव्हेंबर १६८६ रोजीं परत येऊन प्रतिष्ठित झाली. हा काल ३७ वर्षें, १० महिने व २० दिवस असा दिला आहे. देवाच्या परदेशवासाचे दिवसही कोणी तरी मोजीत बसलें होतें! पुनःप्रतिष्ठेच्या कामीं मराठ्यांचा अधिकारी गोपाळ दादाजी पंडित याचें, व धर्मकृत्यांत मुत्तय्या दीक्षित याचें नांव येतें.

यांतील सालें मराठी वाचकास एकदम परिचित वाटावीं. १६४८ च्या अखेरीस विजापूरकरांनीं जिंजी घेतली. त्याच वर्षीं जुलैमध्यें जिंजीच्या वेढ्यांतच मुस्तफाखानानें शहाजीराजांस कैद केलें होतें. जिंजीचें राज्य कोसळत असतां जवळच्या चिदंबरांतील पुजाऱ्यांनीं देव हलविला असावा, असा आमचा तर्क आहे. म्हणजे ज्या स्वारींत आजोबा प्रथम विजापूरच्या फौजेंत व नंतर तिच्या बेडींत होते, त्या स्वारीमुळें गेलेला देव नातवाच्या अमलांत परत आला. १६७७ मध्यें शिवाजी महाराजांनीं जिंजी घेतल्यामुळें हें शक्य झालें. या ठिकाणीं एक गल्लत टाळावी. १६८६ मध्यें तंजावरास एकोजीचा पुत्र शहाजी राज्य करीत होता. ताम्रपटांत उल्लेख आहे तो मात्र रायगडच्या छत्रपतींचा, कारण हा मुलूख जिंजीच्या अमलाखालीं होता.

या कार्याचें श्रेय किती द्यावें हाही प्रश्न आहे. संभाजी महाराज स्वतः तेथें गेले नव्हते. त्या काळीं मोंगलांशीं त्यांची लढाई ऐन भरांत होती. देव राखला तो पुजाऱ्यांनीं व ज्यांनीं ज्यांनीं त्यास ठाव दिला त्यांनीं. परतीची वाट निर्धोक केली ती मराठ्यांच्या अमलानें. यापेक्षां अधिक लिहिणें ताम्रपटांवर अन्याय करणें होय, आणि यापेक्षां कमी लिहिण्याचेंही कारण नाहीं. मुक्कामांत एका दीक्षितांशीं मोडक्या संस्कृतांत बोलतांना आम्हीं हा विषय काढला. त्यांनीं संभाजीचें नांव न अडखळतां घेतलें, आणि तुमच्या देशांत हें ठाऊक आहे काय, असें विचारलें. थोड्यांस ठाऊक आहे, असें आम्हांस सांगावें लागलें.

मंदिर दुपारीं बंद असतें. गोपुराच्या वाटेंतील लेख वाचणाऱ्यानें सकाळींच जावें व उत्सवाचे दिवस टाळावे. आम्हीं वाचलेल्या अकरा श्लोकांपैकीं दोहोंतील कांहीं अक्षरें लागलीं नाहींत. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायाची हस्तलिखित प्रत ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तींतील करणलक्षणांचे पाठ मंडळाच्या पत्त्यावर कळविल्यास आम्ही ऋणी होऊं. आमच्या महाभाष्याच्या पोथीचीं उरलेलीं पानें आतां छायाचित्रित करून ठेविलीं आहेत. ज्यांस प्रति हव्या असतील त्यांस त्या विनामूल्य पाठविल्या जातील. पंधरा दिवसांची अट नाहीं.