चिऊताईचं दार

बचत गटाची समन्वयक बोलायला आली की तुम्हाला वाटतं, आता हप्ते, व्याज आणि ठरावाचं रजिस्टर. आज ते बाजूला ठेवू. आज लेकरांना सांगायच्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे. विषय मात्र गटाच्या बैठकीतूनच निघाला.

उदगीर तालुक्यातल्या एका गावात आमची बैठक होती. बचत गोळा झाली, सह्या-अंगठे झाले, तरी एक मावशी उठेनात. त्यांची सहा वर्षांची नात यंदा पहिलीत बसली आहे. आई बीदरकडची, म्हणून लेकरू घरात कानडी बोलतं, मराठी अडखळत. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरगी शाळेत जाईना झालीय. तोंड उघडलं की बाकीची लेकरं तिची नक्कल करून हसायलेत. आता हजेरीला नुसता हात वर करती, 'हजर'बी म्हणत नाही."

शेजारी बसलेली एक बाई सहज बोलून गेली, "कानडीच ना ती, शिकंल हळूहळू." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आपल्याला एखाद्याचं बोलणं समजलं नाही की आपण मोठी माणसंही 'काय कानडी बोलायलास' असंच म्हणतो. लेकरं ते आपल्याच ओट्यावरून उचलतात.

खरं तर ही भाषा आपल्याला परकी नाहीच. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिकडे किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांच्या हद्दी बदलल्या, माणसं आपापल्या गावातच राहिली. म्हणून आजही इकडे कानडी, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी-कोलामी आणि मोहल्ल्यात दखनी ऐकू येते. या सगळ्या घरांतली लेकरं एकाच वर्गात बसतात.

आता चिऊ-काऊची गोष्ट आठवा. आपल्या लेकराच्या कानावर पडणारी बहुतेक पहिलीच गोष्ट. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. तो चिमणीचं दार वाजवतो आणि ती आतून एकेक कारण सांगत राहते. बाळाला न्हाऊ घालायचंय, तीट लावायचीय, झोपवायचंय. कुठं कुठं शेवटी ती त्याला आत घेते आणि त्या बिचाऱ्याला चटका बसतो. लेकरं खदाखदा हसतात. मीही हसले आहे, माझ्या लेकाला हसवलंही आहे. पण दाराबाहेर भिजणाऱ्याच्या बाजूनं ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. चिमणी आपली, कावळा परका, काळा, आवाजाला कर्कश. त्याचं घर शेणाचं म्हणून तो खालचा. (आपली घरंही शेणानं सारवलेलीच होती की!) तीन वर्षांच्या लेकराला दार न उघडण्यातली गंमत आधी कळते, भिजणं नंतर.

म्हणून ही गोष्ट बंद करा, असं मी म्हणणार नाही. ती चांगली गोष्ट आहे, कारण तिच्यात दार आहे. फक्त दाराशी जरा थांबायचं. "काऊला आता काय वाटत असंल?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर आपण द्यायचं नाही.

त्या दिवशी मात्र मला हे सुचलं नव्हतं. मी आपली पुस्तकातली शहाणी. मावशींना म्हटलं, नातीला कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट सांगा. डेन्मार्क देशातल्या अँडरसन नावाच्या लेखकानं ती १८४३ मध्ये लिहिली. आपल्याकडे गदिमांच्या गाण्यानं आणि आशाताईंच्या आवाजानं ती घरोघर पोचली. सगळे ज्याला हिणवतात ते पिल्लू शेवटी राजहंस निघतं.

गटात एक आई आहे, तिच्या मुलाचा एक पाय जन्मापासून आखूड आहे. ती म्हणाली, "ताई, ते राजहंस निघालं म्हणून निभावलं. बदकच निघालं असतं, तसंच कुरूप, तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबरच होतं. त्या गोष्टीत टोचणारी बदकं काहीच शिकत नाहीत. बदलायचं ते पिल्लानंच, तेही सगळ्यांपेक्षा सुंदर होऊन. तिच्या लेकाचा पाय काही लांब होणार नाही. आणि मावशींच्या नातीनं आधी मराठी पक्की करावी, मग आम्ही तिला खेळायला घेऊ, हाही त्याच जातीचा हिशेब झाला.

उत्तर दिलं ते गटातल्या एका माळकरी आजीनं. त्यांनी नामदेवांची गोष्ट काढली. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळात घडली असं सांगतात. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. जातीनं शिंपी, म्हणून त्यांना उठवलं, मागं जायला सांगितलं. ते मुकाट्यानं देवळाच्या मागं जाऊन भजन करू लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यातल्या एका पदात हीच देऊळ फिरण्याची हकिकत आहे. म्हणजे नांदेडच्या गुरुद्वारात ज्या ग्रंथापुढं लोक माथा टेकवतात, त्यातही ही गोष्ट आहे.

आजी म्हणाल्या, "नामदेव काय बदलले का? देऊळ फिरलं की गं."

दगडाचं देऊळ खरंच फिरलं का, यावर मी वाद घालणार नाही. पण लेकरांना ही गोष्ट सांगताना "कोण फिरलं?" हा प्रश्न जरूर विचारा.

एक चूक मात्र टाळा, मी स्वतः करून बसले आहे. गोष्ट सांगताना त्या लेकराकडे बोट दाखवून "बघा, आपल्या हिच्यासारखंच" म्हणू नका. ते आणखी आखडतं, आणि बाकीची लेकरं दया करायला शिकतात. तिला काऊ करू नका, चिऊ करा. दार तिच्या हातात द्या. काऊ होऊन भिजायची पाळी दुसऱ्यावर येऊ द्या, म्हणजे 'थांब' ऐकायला कसं लागतं ते त्यांनाही कळतं.

पुढच्या बैठकीला आम्ही बायकांनी लेकरं सोबत आणली. मावशींच्या सुनेला म्हटलं, तुझ्या माहेरची कावळा-चिमणीची गोष्ट सांग, कानडीतच सांग. कानडीतही कागक्का-गुब्बक्काची गोष्ट आहे. आवाज काढून, हात हलवून तिनं अशी सांगितली की लेकरांना अर्धी न समजता समजली. मग सगळी 'गुब्बक्का' म्हणायला लागली, आणि कुणालाच ते धड जमेना. मावशींची नात पोट धरून हसली, आणि एकेकाला नीट म्हणायला लावत बसली.

एवढ्यानं सगळं मिटलं नाही. वर्गात ती अजून कमीच बोलते, एका मुलानं परवा पुन्हा नक्कल केली. म्हणून आम्ही बाईंनाही भेटलो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. आपल्या गटातल्या किती जणींची नावं तिथं नुसती सहीपुरती आहेत! बैठकीला जा आणि सांगा, आठवड्यातून एक दिवस गावातली एखादी आजी शाळेत येऊन आपल्या बोलीत गोष्ट सांगेल. त्याला पैसा लागत नाही.

आमच्या गटानं तसा ठराव रजिस्टरात लिहिला आहे. पहिली पाळी तांड्यावरच्या एका याडीची लागली आहे. तुमच्या गावात चिमणीला कोणकोणत्या बोलीत काय म्हणतात आणि तिथली चिमणी शेवटी दार उघडते का, हे पुढच्या बैठकीत विचारून घ्या आणि आम्हाला कळवा.