तार दिसत नाही, खांब दिसतो



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "ड्रोन तर आपण बांधावर उभं राहून उडवतो, मग एवढी भीती कशाची?" तेव्हा मी त्यांना विमानांचं सांगितलं. तेच इथे लिहिते.

अमेरिका, ऑस्ट्रेलियात मोठ्या शेतांवर छोट्या विमानाने फवारणी करतात. औषध वाऱ्याने भलतीकडे जाऊ नये म्हणून विमान पिकाच्या वर तीन-चार मीटरवरून नेतात. वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. शेत संपलं की वर घ्यायचं, वळायचं, परत खाली. एवढ्या खाली काही चुकलं तर सावरायला ना उंची असते, ना वेळ.

आणि मोठा धोका कशाचा, तर विजेच्या तारेचा. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने तारेला धडकलेल्या विमानांचे अपघात तपासले. त्यातल्या १०० पैकी ६३ वैमानिकांना ती तार तिथे आहे हे आधीच माहीत होतं! मला तर हे वाचून धक्काच बसला. म्हणजे तार माहीत होती, पण नेमकी त्या क्षणी ध्यानात नव्हती. लक्ष राहिलेल्या पट्ट्याकडे असतं, ऊन डोळ्यावर येतं, अंग थकलेलं असतं. "एवढा कोपरा उरकून टाकू" म्हणताना घात होतो. हे वाक्य आपण रोज म्हणतो की नाही?

जुनी तार काळपट पडते, पिकात-मातीत मिसळून जाते. म्हणून वैमानिकांना शिकवतात, तार शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं.

आता आपलं बघू. आपला जीव विमानात नसतो, हे खरं. पण ड्रोन लांब गेला की तो तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बांधावरून कळतच नाही. ड्रोनच्या सेन्सरला बारीक तार दिसेलच असंही नाही. आणि ड्रोन कुणाचा? नमो ड्रोन दीदी योजनेत किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत मिळते, बाकीचं कर्ज गटाच्या डोक्यावर. पडला तर हप्ता सगळ्या जणींनी भरायचा.

म्हणून उडवण्याआधी शेताला पायी फेरी मारा. शेतमालकाला सोबत घ्या; मोटारीला गेलेली लोंबती वायर, खांबाचा ताण, डीपी त्यालाच ठाऊक असतं. कागदावर खुणा करा. तारेजवळचा पट्टा हातपंपाने फवारायचा, असं मालकाशी आधीच ठरवा. पैसे थोडे कमी मिळतील, मिळू द्या. मदतनीस ताईने मोबाईल खिशात ठेवून नुसतं वर बघायचं. तिने "थांब" म्हटलं की थांबायचं, वाद नंतर.

आमच्या एका गावात ड्रोन मोटारीच्या वायरीत अडकून खाली आला. मदतनीस ताई उचलायला धावली, मालकाने ओरडून थांबवलं म्हणून बरं. वायर तुटून ओल्या सरीत पडली होती. असं झालं तर कुणीही जवळ जायचं नाही, ड्रोन कितीही महाग असो. १९१२ वर फोन करा, आणि लाईन बंद केल्याचं वायरमनने सांगेपर्यंत बांधावरच थांबा.