वाकड्या रेणूंची बहुवारिके

सदाशिव पेठेतील एखाद्या फळवाल्याकडे केळ्यांची फणी पाहिली, तर तीतील सर्व केळी एकाच बाजूस वाकलेली आढळतात. त्यांतील एक उलटे ठेवले की शेजारच्यांशी त्याचा मेळ बसत नाही. द्रवस्फटिकांच्या एका विलक्षण वर्गाचे मर्म या साध्या गोष्टीत आहे.

द्रवस्फटिक म्हणजे द्रवाप्रमाणे वाहणारा, परंतु स्फटिकाप्रमाणे रेणूंची दिशा राखणारा पदार्थ. रायनित्झर यांना तो १८८८ मध्ये आढळला. असे रेणू काडीसारखेच असावेत, ही समजूत दीर्घकाळ होती. बंगळूर येथील चंद्रशेखर, सदाशिव व सुरेश यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून तिला धक्का दिला. वाकड्या रेणूंचे खरे महत्त्व मात्र १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी प्रकट केले.

वाकडे रेणू थरात रचले जाताना सर्वांचा बाक एकाच दिशेस येतो. म्हणून थराला विद्युत्-ध्रुवता प्राप्त होते. शिवाय रेणू कललेले असले, तर थराचा लंब, कलाची दिशा व बाकाची दिशा या तिन्ही मिळून डाव्या वा उजव्या हातासारखी रचना होते. रेणूत स्वतःत डावे-उजवेपण नसताना ते थरात उत्पन्न व्हावे, हे आश्चर्य होय.

तथापि शेजारच्या थरांची ध्रुवता बहुधा परस्परविरुद्ध असते व एकूण परिणाम शून्य होतो. येथे बहुवारिक उपयोगी पडते. साखळीला वाकडे गट थेट जोडल्यास साखळीची गुंडाळण्याची प्रवृत्ती त्यांची रचना बिघडविते. म्हणून मध्ये लवचीक दुवा ठेवावा लागतो. जर्मनीतील हाले येथे २००५ मध्ये सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीवर असे पार्श्वगट बसविण्यात आले. साखळ्या पार्श्वगटांपासून अलग होऊन आपला निराळा थर करतात व दोन ध्रुवीय थरांमधील निकट संबंध तोडतात. परिणामी सर्व थरांची ध्रुवता विद्युत्क्षेत्राने एकाच दिशेस वळविता आली.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. साखळीमुळे द्रव दाट होतो आणि क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. त्यामुळे शीघ्र चालणाऱ्या दर्शकपटलास ही द्रव्ये सोयीची नाहीत. परंतु हाच दाटपणा अन्यत्र गुण ठरतो: थंड केल्यावर अशी बहुवारिके स्फटिक न बनता काचेसारखी गोठू शकतात, आणि द्रवावस्थेत साधलेली शिस्त घन पापुद्र्यात टिकविता येते. वाहत्या पदार्थातील क्षणिक व्यवस्थेला स्थैर्य देणे, हेच या संशोधनाचे प्रयोजन होय.