भट्टीतल्या उष्णतेचा हिशेब

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि पुढे हंगामभर भट्टीत बगॅस जळत राहतो. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्या. त्यांना मिळणारी बहुतेक उष्णता प्रारणाने येते, ज्वाळेचा स्पर्श होण्याची गरजच नसते.

या हिशेबाचा पाया १८७९ साली योजेफ स्टेफान यांनी घातला: प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. ज्वाळा १२०० अंश सेल्सिअस आणि नळी ३०० अंश धरली, तर दर चौरस मीटरला जास्तीत जास्त २६० किलोवॉट मिळतात. ज्वाळा ११०० अंशांवर आली की हाच आकडा १९५ होतो. शंभर अंशांत पाव उष्णता गेली! सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे राहिले, तर उत्तर निम्म्याहूनही कमी येते.

हे झाले आदर्श कृष्णपदार्थाचे. धुरातला नायट्रोजन जवळजवळ काहीच प्रारण करत नाही. ते काम कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, काजळी आणि राखेचे कण करतात. बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. ते ज्वाळा थंड करते, पण त्याची वाफ स्वतः प्रारणही करते. म्हणून वायूची उत्सर्जकता काढावी लागते, आणि त्यासाठी वायूच्या थराची सरासरी जाडी लागते: भट्टीचे आकारमान भागिले भिंतींचे क्षेत्रफळ, गुणिले ३.६. सहा बाय सहा मीटरच्या, बारा मीटर उंच भट्टीत ती सुमारे ४.३ मीटर येते. पुढचे काम एमआयटीतल्या हॉयट हॉटेल यांच्या आलेखांवरून होते.

माझ्या मते खरी गफलत राखेपाशी होते. हिशेबात नळी ३०० अंशांची असते, पण तिच्यावर राखेचा थर बसला की ज्वाळेसमोर येतो तो राखेचा पृष्ठभाग. तो ८०० अंशांवर गेला, तर २६०चे १९२ होतात. भिंतींनी न घेतलेली उष्णता धुराबरोबर वर जाते आणि सूपरहीटरच्या नळ्या तापतात. नळी फुटली की बॉयलर बंद, गाळप बंद, आणि तोडलेला ऊस गव्हाणीत वाळत पडतो.

म्हणून बॉयलर विभागाला एक विनंती. स्वच्छ भिंतींच्या डिझाइन आकड्यावर विसंबू नका. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान दर पाळीत लॉगबुकात लिहा आणि ते चढू लागले की आधी भिंतींवरची राख काढा.